दाढेतलं घड्याळ

बी.एस्सी. वार्धक्यशास्त्राला प्रवेश घेतला असं मी घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे म्हातारं व्हायला पण आता कॉलेजात जायला लागणार?" तेव्हापासून आमच्याकडे माझ्या शिक्षणाला तेच नाव पडलं. केतकी कुठंय? म्हातारी व्हायला गेलीय.

मी तरी काय मोठी ध्येयबिये ठेवून गेले नव्हते. दुसरीकडे कुठे नंबर लागला नाही, आणि कराडच्या या कॉलेजात लागला, एवढंच. पण २०४१ सालात गावोगावी साठीच्या पुढची माणसं इतकी झाली होती, की आमच्या अठ्ठावीस जणांच्या वर्गाला नोकरीची काळजी नव्हती. काळजी होती ती उपळेकर मॅडमची. त्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं होतं, 'वय हे कोणत्याही गोष्टीचं कारण नसतं.' आणि मग त्या अडीच वर्षं आम्हाला त्या वाक्यावरून छळत राहिल्या. उत्तरपत्रिकेत 'वयामुळे' असा शब्द आला की अर्धा मार्क गेलाच म्हणून समजा.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकाला एक 'सोबत-घर' मिळतं. आठवड्यातून दोनदा जायचं, तिथल्या वृद्ध माणसांबरोबर बसायचं, त्यांची दुखणी, जेवण, झोप सगळं टिपून ठेवायचं. मला मिळालं माळेवाडीच्या मोहित्यांचं घर. बसने अर्ध्या तासावर. घरात दोघी जावा, दोघी विधवा, मुलं पुण्याला आणि त्याच्याही पलीकडे.

थोरली जाऊ बायडाबाई. तिला मी थोरली आजी म्हणायचे. ओसरीवरच्या खुर्चीत बसून ती सगळा कारभार हाकायची. आवाज असा, की कुरियरवालाही पाकीट ठेवून उलट पावली निघायचा. धाकटी जाऊ इंदुबाई, म्हणजे धाकटी आजी. ती आत स्वयंपाकघरात. तिचे दोन्ही गुडघे पार गेले होते. काठी टेकत, भिंत धरत ती ओट्यापर्यंत जायची आणि तिथून विचारायची, "थोरल्या बाई, आज गवार करू का भेंडी?"

"गवार," खुर्चीतून हुकूम सुटायचा.

दोन भावांची लग्नं एकाच मांडवात झालेली, १९८५ सालच्या मे महिन्यात. थोरल्या भावाची बायको थोरली, धाकट्याची धाकटी. त्यात बायकांची वयं कोण विचारतो? सत्तावन्न वर्षं धाकटीने थोरलीला 'तुम्ही' म्हटलं होतं आणि थोरलीने तिला 'तू'.

त्यांची आधार कार्डं पाहताना मला गंमत वाटली. दोघींची जन्मतारीख एकच, एक जून १९६६.

"अय्या, दोघींचा वाढदिवस एकाच दिवशी!" मी म्हणाले.

"कसला डोंबलाचा वाढदिवस," थोरली आजी म्हणाली. "साळंत घालताना जन्मतारीख कुनाला ठाव असायची? गुरुजी म्होरं बसलेल्या पोराकडं बगायचं, अंदाजानं साल लिवायचं आन् तारीख टाकायचं एक जून. जूनमदी साळा सुरू, म्हंजी पोरगं सा वर्साचं झालंच पायजे की. आमची आक्खी पिढी एक जूनलाच जल्मलीया."

मी हसले आणि विसरून गेले. माझं सगळं लक्ष धाकट्या आजीच्या गुडघ्यांवर होतं.

कारण त्या वर्षी एक उपचार सुरू झाला होता. गुडघ्याच्या सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चा असते, गुळगुळीत गादीसारखी. ती एकदा झिजली की शरीर ती पुन्हा नीट बनवत नाही. पण नाकातल्या पडद्याच्या कूर्चेतल्या पेशी फार उत्साही असतात, अगदी म्हातारपणीही. नाकातून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढायचा, प्रयोगशाळेत त्याच्या पेशी वाढवून छोटी चकती बनवायची आणि ती गुडघ्यात बसवायची. पाच वर्षांपूर्वी पहिल्या फेरीत दोनशे बारा लोकांवर हे करून झालं होतं. आता दुसरी फेरी होती आणि त्यात आमच्या तालुक्यालाही जागा होत्या.

"नाकातलं काढून गुडघ्यात घालनार?" धाकट्या आजीने मला तीनदा विचारलं. "मग शिंक आली तर गुडघा हलंल का गं?"

पण तिला ते हवं होतं. नऊ वर्षांत ती जमिनीवर बसली नव्हती. "एकदा खाली बसून भाकरी थापायची हाय मला," ती म्हणाली. "ह्या ओट्यावर हुबं ऱ्हाऊन थापलेली भाकरी माझी मलाच गोड लागंना." ती हे बोलली तेव्हा मी मनाशी ठरवलं, काही झालं तरी हिचे गुडघे दुरुस्त करायचेच.

अट एकच होती. वय अठ्ठ्याहत्तरच्या आत. कागदावर ती शहात्तरची होती, म्हणजे काम झाल्यात जमा होतं. पण यंदापासून कागद चालणार नव्हता. वय यंत्राने मोजायचं होतं आणि ते यंत्र आमच्या कॉलेजात नुकतंच आलं होतं.

त्याचं सरकारी नाव भलं मोठं आहे. आम्ही त्याला दाढेचं घड्याळ म्हणायचो. आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या कणांची बनतात, ते कण डाव्या आणि उजव्या हातांसारखे दोन घडणींचे असू शकतात. शरीर फक्त डाव्या घडणीचे बनवतं. रक्त, कातडी, स्नायू हे सगळं सतत नवं होत राहतं, पण दाताच्या आतला थर एकदा लहानपणी बनला की कायमचा. तिथे अडकलेले डावे कण वर्षांमागून वर्षं हळूहळू उजवे होत जातात. शरीराची ऊब ठरलेली, म्हणून त्यांचा वेगही ठरलेला. डाव्यांत उजवे किती मिसळले ते मोजलं की माणूस किती वर्षं जगला ते कळतं. पूर्वी त्यासाठी दात उपटून दळावा लागायचा. आता दाढेला कपड्याच्या चिमट्यासारखा एक चिमटा लावायचा. त्यातून प्रकाश आत जातो आणि दीड मिनिटात उत्तर येतं. चूक झालीच तर चार महिन्यांची. फार गरम चहा पिणाऱ्यांचं घड्याळ जरा पुढे पळतं, म्हणून आधी चहाबद्दल सव्वीस प्रश्न विचारायचे आणि तेवढं वजा करायचं.

जुलैच्या एका दुपारी मी ते यंत्र घेऊन माळेवाडीला गेले. धाकट्या आजीच्या तोंडात एकच दाढ शिल्लक होती, खालची डावी.

"एवढी एकच हाय बाई, जपून," ती म्हणाली आणि डोळे मिटून तोंड उघडून बसली.

थोरली आजी गप्प कशी बसेल? "माजं बी बग. कळू दे तरी किती उन्हाळं काढलं ते."

नियमाप्रमाणे प्रत्येकाचा आकडा त्याला एकट्याला सांगायचा असतो. पण मी वीस वर्षांची होते आणि यंत्र नवंकोरं होतं. पडद्यावर दिसलं ते मी मोठ्याने वाचून टाकलं.

"थोरली आजी, बहात्तर वर्षं आठ महिने. धाकटी आजी, एकोणऐंशी वर्षं पाच महिने."

वाचल्यावर मला कळलं की मी काय केलं. पहिली गोष्ट, एकोणऐंशी म्हणजे धाकट्या आजीचा उपचार गेला. दुसरी गोष्ट, धाकटी थोरलीपेक्षा पावणेसात वर्षांनी मोठी होती.

थोरली आजी खुर्चीतून उठली आणि मागच्या परसात निघून गेली. धाकटी आजी मला म्हणाली, "जा बाई, तुजी बस चुकंल." बस यायला अजून तासभर होता.

चार दिवसांनी पुन्हा गेले, तर घर ओळखू येईना. खुर्ची रिकामी होती. थोरली आजी दारात उभी, धाकटी आजी ओट्याशी उभी, आणि दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय करू?" धाकटीने विचारलं.

"तुमास्नी वाटंल ते," थोरली म्हणाली. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा 'तुमास्नी'!

"आसं काय बोलताय? सांगा की."

"म्या कोन सांगनार?"

चार दिवस हेच चाललं होतं. ठरवणारं कोणी नाही, म्हणून दोघी रोज पिठलं खात होत्या. शेजारणीने भेंडी आणून दिली होती, ती तशीच पाटीत सुकत पडली होती. मला हसू आलं आणि रडूही. एवढ्याशा आकड्याने मी या घराचं सुकाणूच काढून घेतलं होतं.

मी खाली मान घालून सांगितलं की उपचाराला नाव पाठवायची मुदत शनिवारी संपते आणि एकोणऐंशी वय पाठवलं तर नाव बाद होणार. हे ऐकताच थोरल्या आजीला जणू तिचा जुना आवाज सापडला.

"मग माजं वय लिव की तिच्या नावावर! आडनाव एक, जन्मतारीख एक, घर एक. कोन बगतंय? माजी दाढ तिची म्हनून दे."

मी कबूल करते, मी लगेच नाही म्हटलं नाही. दोन आकड्यांची अदलाबदल, एवढंच तर करायचं होतं. यंत्र माझ्या हातात होतं. माझ्यामुळे झालेली चूक माझ्या एका बोटाने मिटणार होती. मी धाकट्या आजीकडे पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली.

"आगं गुडघं हवं न्हवं तुला?"

"हवंत. पन खोटं लिवायचं न्हाय."

"म्या सांगते तुला..."

"आजपातूर तुमचंच ऐकलं. आमटीत काय घालायचं ते बी तुमास्नी इचारलं." धाकट्या आजीने काठी जमिनीवर टेकवली. "पन ह्या पोरीच्या मशीननं मला थोरली केलंया ना? मग एक डाव थोरलीचं ऐका. खोटं लिवायचं न्हाय."

थोरली आजी पायरीवर बसली. धाकटी बोलतच राहिली. इतकं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"बावीस वर्साची हुते म्या लगीन झालं तवा. घोडनवरी म्हनायची मला समदी. बाप म्हनला, कुनी इचारलं तर आठरा सांग. सांगून सांगून माजं मलाच खरं वाटाय लागलं. माजी तीन-चार वर्सं बापानं पुसून टाकली हुती. ती आज घावली. आता गुडघ्यापायी परत पुसू म्हनता?"

थोरल्या आजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आन् मला पंधरा आसताना आठरा केलं, तेच म्होरं कागदावर चढलं," ती म्हणाली. "मांडवातनं घरात आले, आन् दुसऱ्या दिशी ही माझ्याम्होरं येऊन हुबी ऱ्हायली. थोरल्या बाई, आमटीत मीठ किती घालू? मला कुठं आमटी येत हुती? म्या म्हनलं, घाल मूठभर."

"घातलं?" मी धाकट्या आजीला विचारलं.

"घातलं की! थोरलीचा सबूद. समद्या पावन्यांनी दिसभर पानी पिऊन पोट भरलं."

"तवापासनं आवाज मोठा ठेवला," थोरली आजी नाक पुसत म्हणाली. "भ्या वाटायचं, हिला कळंल मला काय बी येत न्हाय."

दोघी हसायला लागल्या. एकदा सुरू झाल्या त्या थांबेनात. मीही हसले, आणि बसमध्ये बसल्यावर मात्र ढसाढसा रडले. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान मुलगी, आणि घरभर हुकूम सोडायला लावलेली. आणि तिच्यापुढे बावीस वर्षांची बाई, वय लपवत, खाली मान घालून मीठ विचारणारी. इतकी वर्षं दोघी एकमेकींना घाबरून राहिल्या. आणि ज्या एका गोष्टीसाठी धाकटी आजी मला मनापासून 'हवं' म्हणाली होती, ती खरं बोलल्यामुळे तिच्या हातून जाणार होती. मला ते सहन होईना.

मी खरा आकडा पाठवला. नाव बाद झालं. दुसऱ्या दिवशी मी उपळेकर मॅडमच्या खोलीत शिरले आणि जवळजवळ भांडलेच.

"मॅडम, तुम्हीच म्हणता ना, वय हे कशाचं कारण नसतं? मग अठ्ठ्याहत्तर कुठून आलं?"

मॅडमनी चष्मा वर केला. "पहिल्या फेरीच्या निकालांवरून. त्यापुढच्या वयात चकत्या नीट धरल्या नाहीत. भांडायचं असेल तर आकडे घेऊन भांड. नावं काढलेली सगळी यादी ग्रंथालयात आहे."

मी यादी उघडली. दोनशे बारा माणसं, जन्मतारीख, गुडघ्याचा निकाल. पहिलं पान संपेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या पानावर मी जन्मतारखांच्या रकान्यावरून बोट खाली नेलं आणि ग्रंथालयात मोठ्याने हसले. एक जून. एक जून. एक जून. दोनशे बारांपैकी एकशे सत्तावीस माणसं एक जूनला जन्मलेली!

म्हणजे इतक्या हुशार संशोधकांनी वयाची जी मर्यादा काढली होती, ती मुळात शाळामास्तरांच्या अंदाजावर उभी होती. नोकरी लांबावी म्हणून पुरुषांची वयं कमी लिहिलेली, लग्नासाठी बायकांची कधी वाढवलेली, कधी घटवलेली. आणि आता त्याच मर्यादेला आम्ही दाढेचं अचूक घड्याळ लावून माणसं बाद करत होतो. फुटपट्टी नवी आणली, पण रेघ जुनी वाकडीच ठेवली.

मॅडमनी यादी पाहिली. "रुग्णालयातून नावं मी मागवते," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे तयारीला लागा."

आमचा अख्खा वर्ग कामाला लागला. पहिल्या फेरीत कागदावर त्र्याहत्तर ते अठ्ठ्याहत्तर असलेले आणि दाढ शाबूत असलेले शेहेचाळीस जण आम्ही त्या हिवाळ्यात शोधून काढले. त्यांच्याकडे गेलो, परवानगी घेतली, चहाचे सव्वीस प्रश्न विचारले आणि चिमटा लावला. आकडा मात्र आता प्रत्येकाच्या कानात सांगायचा, हे मी सगळ्यांना बजावलं होतं. उंब्रजच्या एका आजोबांना उपचाराच्या वेळीच ऐंशी पार झाली होती असं सांगितलं, तर ते हळहळले. "म्हंजी माझं सहस्रचंद्रदर्शन हुकलं की! आता करता येतंय का बग."

शेहेचाळीसपैकी एकोणीस जण उपचाराच्या वेळी खरे एकोणऐंशी ते ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यातल्या सतरा जणांचे गुडघे ठणठणीत. एक बाई तर आमच्यासमोर उकिडवी बसून जोंधळा पाखडत होती.

अहवाल गेला, समिती बसली, आणखी प्रश्न आले, आणखी उत्तरं गेली. फेब्रुवारीत मर्यादा एक्क्याऐंशी झाली. धाकट्या आजीला तेव्हा नुकतंच ऐंशी पूर्ण झालं होतं. मी ती बातमी फोनवर सांगितली नाही. बस धरून गेले.

मार्चमध्ये तिच्या नाकातून दाणाभर कूर्चा काढली. जाताना तिने नथ काढून थोरल्या आजीच्या हातात दिली, आणि रुग्णालयात पूर्ण दिवस थोरली आजी ती मुठीत धरून बसली होती. मे महिन्यात चकत्या बसवल्या. मग व्यायाम. थोरली आजी समोर उभी राहून मोजायची, "एक, दोन, आगं वाकव की अजून, तीन!" कारभार पुन्हा सुरू झाला होता. धाकटीने खरं वय कागदावर करून घेतलं होतं, पण भाजीचा निर्णय घ्यायला साफ नकार दिला होता. "अठ्ठावन्न वर्सं दुसऱ्यावर ढकललंय," ती मला म्हणाली, "आता ह्या वयात डोस्क्याला ताप कशाला?"

एक प्रश्न मात्र कोणीच काढला नव्हता. तो दसऱ्याला निघाला.

दसऱ्याच्या संध्याकाळी लहानांनी मोठ्यांना आपट्याची पानं द्यायची आणि वाकून नमस्कार करायचा, ही रीत. माळेवाडीत बातमी पसरलेली होतीच. मोहित्यांच्या ओसरीवर शेजारपाजारच्या बायका 'सहज' म्हणून जमल्या. कोण कोणाला वाकतं ते बघायचं होतं सगळ्यांना. मीही तिसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर असताना अभ्यास टाकून आले होते, मग मी कोणाला काय बोलणार?

थोरली आजी ओसरीच्या मध्ये उभी होती. ओठ घट्ट मिटलेले, हातात पानं. धाकटी आजी आतून आली. काठी नव्हती. दोघी समोरासमोर आल्या.

थोरल्या आजीने पदर सावरला आणि वाकायला सुरुवात केली. तिने ते मनाशी पक्कं ठरवून ठेवलं असणार. पण धाकट्या आजीने तिचा इरादा ओळखला आणि ती तिच्याआधी खाली गेली. दहा वर्षांत जी बाई जमिनीला टेकली नव्हती, ती सरळ उकिडवी बसली. थोरलीला थांबता आलं नाही. दोघींची कपाळं एकमेकींवर ठाणकन आपटली आणि पानं सगळीकडे उडाली.

कोणी हसलंही नाही, इतक्या सगळ्या घाबरल्या. थोरली आजी कपाळ चोळत खाली बघत होती.

"आगं इंदे," ती म्हणाली, "बसलीस की गं खाली!"

"बसले की," धाकटी आजी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि कपाळावर टेंगूळ उगवत होतं.

थोरली आजी हळूहळू तिच्यासमोर खाली बसली. "परत आपट," ती म्हणाली. "एकदाच आपटलं तर शिंगं येतात."

"ह्या वयात कुठली शिंगं, थोरल्या बाई?"

"वयाचं आता नाव काढू नगंस. आपट."

आणि दोघींनी एकमेकींचे खांदे धरून, अगदी हळू, पुन्हा एकदा कपाळाला कपाळ लावलं.